फोटोत सुळका लहान का होतो?

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने गुजरातच्या दिशेने निघाले आणि चारोटी नाका मागे पडला की थोड्याच वेळात महालक्ष्मीचा सुळका नजरेत भरतो. विवळवेढ्याच्या देवीचे हे वरचे ठाणे. मुसळ्या डोंगर हे त्याचे इकडचे नाव. गाड्या कडेला लागतात, माणसे उतरतात, मोबाइल वर होतात. मग फोटो उघडून बघतात आणि बहुतेकांच्या तोंडून तेच वाक्य निघते: प्रत्यक्षात केवढा मोठा दिसत होता! फोटोत मात्र खाली डांबर, वर मोकळे आभाळ आणि मध्ये कुठेतरी कणभर उंचवटा.

ज्याला निसर्गाचे फोटो मनापासून चांगले काढायचे आहेत त्याने या तक्रारीपासूनच सुरुवात करावी. तिच्यात बहुतेक सगळे शिक्षण दडलेले आहे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा सुमारे सत्तर अंशांचा रुंद पट्टा टिपतो. आपल्या डोळ्यांनाही रुंद पट्टा दिसत असतो, पण त्यातला सुळका मन तेवढा उचलून घेते. विजेचे खांब, टपरी, रस्त्यावरचा पट्टा यांच्याकडे लक्ष जात नाही. कॅमेरा असे काही गाळत नाही. त्याच्या लेखी डांबर आणि देवी सारखीच.

मग लोक सुळक्याच्या जवळ जातात. जवळ गेल्यावर गोष्ट आणखी बिघडते, कारण पायथ्याचा उतार पुढे येतो आणि माथा त्याच्याआड सरकतो. उपाय उलटा आहे. मागे जायचे. शेताच्या अशा टोकाला उभे राहायचे की समोरचे कौलारू घर किंवा ताडाचे झाड आपल्यापासून दोन-तीनशे मीटरवर राहील, आणि मग तिप्पट जवळ आणणारी लेन्स लावायची. घर वीस मीटरवर असेल तर ते डोंगराला झाकून टाकते. तेच घर तीनशे मीटरवर गेले की फोटोत मुठीएवढे होते, डोंगर मात्र जवळजवळ होता तेवढाच राहतो. पाहणाऱ्याला घराची उंची ठाऊक असते, म्हणून डोंगराची उंची आपोआप उमगते. महाग कॅमेऱ्याने हे साधत नाही, चालल्याने साधते. फोटोत कोणती वस्तू कशापेक्षा किती मोठी दिसणार हे लेन्स ठरवत नाही, आपण उभे कुठे राहतो ते ठरवते. ही गोष्ट एकदा कळली की निम्मी चौकट जमली असे मी मानतो.

या सुळक्याच्या परिसरातले कासा हे डहाणू तालुक्यातले बाजाराचे गाव. चारोटी नाक्यावरून जव्हारच्या रस्त्याला लागले की येते. सायवन, तलवाडा, उधवा या बाजूंच्या पाड्यांवरची माणसे इथे बाजाराला, दवाखान्याला, तालुक्याच्या कामाला जाता-येता थांबतात. जवळून सूर्या नदी वाहते. तिच्यावर वरच्या अंगाला धामणीचे धरण आहे आणि तिचे पाणी आता वसई-विरार, मीरा-भाईंदरपर्यंत जाते. पूर्वेला जव्हारच्या पठाराकडे चढत गेलेल्या रांगा, ईशान्येला गंभीरगड, पश्चिमेला तासाभराच्या आत डहाणूचा समुद्र. निसर्गचित्रासाठी लागणारे सगळे इथे आहे, आणि तरी या भागाचे मनात राहणारे फोटो फार थोडे दिसतात. समुद्रावरचा सूर्यास्त आणि पावसाळी धबधबा, एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

उजेडाचे शास्त्र आपण बहुधा परक्या पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून शिकतो, आणि ते इथे तसेच्या तसे लागू पडत नाही. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा एक तास सोनेरी असतो, असे ही पुस्तके सांगतात. ती लिहिली गेली लंडन-न्यूयॉर्ककडच्या अक्षांशांवर, जिथे सूर्य तिरपा, रेंगाळत उतरतो. कासा विषुववृत्तापासून जेमतेम वीस अंश उत्तरेला आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो. क्षितिजापासून सहा अंशांवर आलेला सूर्य मावळायला इथे अर्धा तासही पुरतो, आणि मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत कातरवेळ संपून काळोख पडतो. म्हणजे पुस्तकातला तास इकडे अर्ध्या तासाचा. त्या अर्ध्या तासात जागा शोधत फिरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जागा दुपारीच ठरवून ठेवायची, ट्रायपॉड असेल तर लावून बसायचे, आणि उजेड यायची वाट बघायची.

घड्याळाचाही हिशेब आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. आपण त्र्याहत्तराव्या रेखांशाच्या आसपास. त्यामुळे इथला मध्यान्ह बाराला नसतो, साधारण बारा वाजून अडतीस मिनिटांच्या आगेमागे असतो. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावलीही त्याच्या बुडाशी गोळा होते, आणि जमिनीचा सगळा उंचसखलपणा पुसला जातो. त्या दिवसांत दुपारी डोंगराचा फोटो काढला तर तो कापलेल्या पुठ्ठ्यासारखा सपाट येतो. डिसेंबरात मात्र भर मध्यान्हीही सूर्य सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीनलाही उजेड चांगला तिरपा असतो, आणि पहाटेच उठले पाहिजे ही अट हिवाळ्यात बरीच सैल होते. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो.

आणखी एक. सूर्य रोज पूर्वेलाच उगवतो असे आपण म्हणतो, पण जूनमध्ये तो पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला उगवतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश व्यापते. म्हणजे वर्षभरात उगवतीची जागा पाच मुठींनी सरकते. एखाद्या खिंडीतून सूर्य वर येताना हवा असेल तर तो वर्षातल्या ठराविक काही दिवसांतच मिळणार. कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थाच्या काठी राहून तेच पाणी, तीच झाडे पुन्हा पुन्हा रंगवली. त्यांची चित्रे बघितली की एकाच जागी परत परत जाण्याने काय हाती येते ते समजते. छायाचित्रकारांमध्ये ही सवय कमी झाली आहे. नवी जागा, नवा धबधबा, नवा किल्ला. जागांची यादी लांबते, चित्रे मात्र एकसारखीच येतात.

ऋतूंबद्दल थोडक्यात. पावसाळ्यातले भरून आलेले आभाळ उजेडाला सगळीकडे सारखे पसरवते, हिरवा रंग खुलतो, सावल्या विरघळतात. पण ते आभाळ चौकटीत घेतले तर पांढरी फटफटीत पट्टी दिसते. अशा दिवशी आभाळ वगळा आणि खाचरे, बांध, चिखलणी, आवणीच्या ओळी घ्या. ओल्या पानांवरची चकाकी काढायला पोलरायझर लावा, हिरवा रंग एकदम गडद होतो. ऑक्टोबरात पावसाने हवा धुऊन निघालेली असते. वर्षातली सर्वांत लांबवरची नजर तेव्हा मिळते, गंभीरगडाच्या कडाही साफ दिसतात. पुढे थंडीत सकाळी सूर्येवर धुके. फाल्गुनात पळस आणि पेरणीआधी शेत भाजण्याच्या राबाचा धूर. हा धूर सूर्यासमोरून घेतला तर उजेडाच्या तिरप्या काड्या दिसतात. सूर्याकडे पाठ करून घेतला तर नुसता मळकटपणा.

मोबाइलच्या एका खोडीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे. आजचे फोन एकाच क्षणी कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो काढतात आणि त्यांचे मिश्रण करून दाखवतात. आभाळ जळत नाही, सावलीतले तपशील दिसतात, सगळे खूश. पण डोंगराला डोंगरपण देते ती सावलीच. एक बाजू उजळ आणि एक काळोखी असली तरच घळ खोल वाटते. फोनने सावली उजळली की घळ भरून जाते आणि रांगांमधले अंतर मिटते. त्यातच संध्याकाळचा पिवळेपणा फोनला चूक वाटतो आणि तो रंग ‘दुरुस्त’ करतो. म्हणून फोनवर फोटो काढतानासुद्धा चौकटीतल्या उजळ भागावर बोट ठेवा, सूर्याचे चिन्ह खाली ओढा, आणि काळोखाला काळोख राहू द्या. रंगाचा तोल बदलता येत असेल तर तो दिवसाच्या उन्हावर पक्का करून ठेवा. मग संध्याकाळ संध्याकाळसारखी दिसेल.

चौकटीसाठी आता गंजाडला जाऊ. चारोटीहून डहाणूच्या रस्त्याला हे गाव आहे आणि त्याच्या कळंबीपाड्यावर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे राहत होते. १९३४चा जन्म, २०११ साली पद्मश्री, १५ मे २०१८ रोजी निधन. वारली चित्रे त्यांच्याआधी लग्नघरातल्या सवाशिणींच्या हातची होती: शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा लग्नचौक, मध्ये पालघट देवी, बाजूला लग्न लावणाऱ्या धवलेरीचे गाणे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि मशे लग्नाशिवाय, रोज, स्वतःच्या मनाने चित्र काढू लागले.

निसर्गाचे फोटो काढणाऱ्याने या चित्रांसमोर नीट बसायला हवे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्याला चौकटीचा पहिला नियम शिकवतात तो तिहाईचा: चौकटीचे आडवे-उभे तीन भाग करा, क्षितिज वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवा. हा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली गावाकडच्या दृश्यांवरच्या पुस्तकात मांडला. नियम वाईट नाही. पण तो क्षितिज गृहीत धरतो. एक माणूस एका जागी उभा आहे, समोर बघतो आहे, खाली जमीन आणि वर आभाळ आहे. वारली चित्रात क्षितिजच नाही. डोंगर, नदी, खळे, ताडावर चढलेला माणूस, तारपा वाद्याभोवतीचे गोल रिंगण, सगळे एकाच पातळीवर पसरलेले. जमीन वरून बघितल्यासारखी, माणसे बाजूने बघितल्यासारखी. दूरचे ते लहान, हा हिशेब तिथे चालत नाही.

मशांचे मासेमारीचे जाळे बघा. सगळा कागद जाळ्याने भरलेला. केसाएवढ्या बारीक रेषांचे डोळे, एकात एक गुंतलेले, कुठे दाट कुठे विरळ, त्यामुळे पांढरा रंग एकच असून कागद हलतो आहे असे वाटते. जाळे टाकणारा माणूस त्या मानाने अगदी छोटा. चित्राला मध्य नाही, पण डोळा भरकटत नाही; दाटीकडून विरळाकडे, विरळाकडून माणसाकडे आणि परत जाळ्याकडे फिरत राहतो. फोटोत हीच गोष्ट करायची असते. खाचरांच्या बांधांकडे टेकडीवरून बघितले तर तेच जाळे मिळते. आभाळ वगळून, टेकडीच्या उतारावरून खाली कॅमेरा धरून, बांधांच्या रेषांनी पूर्ण चौकट भरून टाकली आणि एका कोपऱ्याला आवणी करणारी माणसे ठेवली, की नियम न मोडताही नियमाची गरज संपते. रेषा किती दाट आहेत, डोळा कुठून कुठे जाईल, माणूस किती छोटा असावा, हे प्रश्न उरतात. तिहाईपेक्षा ते अवघड आहेत आणि जास्त उपयोगाचे.

निसर्गाशी वेगळ्या रीतीने काम करणारा एक परदेशी कलावंतही याच वाटेने आला. रिचर्ड लाँग हा ब्रिटिश कलावंत १९६७ साली विद्यार्थी असताना एका कुरणात सरळ रेषेत मागे-पुढे चालत राहिला. गवत दबले, दबलेल्या गवतावर उजेड वेगळा पडला आणि एक रेषा दिसू लागली. तिचा त्याने फोटो काढला. तो एक फोटो आज कलेच्या इतिहासात आहे. पुढे लाँग वारली मुलुखात आला, मशांना भेटला, आणि २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयात दोघांची कामे एकत्र मांडली गेली. कुरणातल्या त्या रेषेत काहीच आणलेले नव्हते. गवत तिथलेच, उजेड तिथलाच. भाताच्या कापणीनंतर पाड्याकडून पाणवठ्याकडे जाणारी पायवाट सकाळच्या तिरप्या उन्हात अशीच चमकते. रोज पाणी आणणाऱ्या बायांच्या पावलांनी ती पडलेली असते. निसर्गचित्रात माणूस नको, असा हट्ट धरणाऱ्यांनी त्या वाटेकडे बघावे. माणूस चौकटीत नसला तरी तो तिथे आहे.

चौकटीबाहेर काय ठेवायचे, हा प्रश्न डहाणूत फार टोकदार होतो. डहाणूच्या खाडीकाठी औष्णिक वीजकेंद्र आहे, पाचशे मेगावॅटचे, आणि त्याची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला, तरी ही चिमणी आणि तिच्यापासून निघालेल्या उच्चदाबाच्या तारा या प्रदेशाच्या आभाळाचा भाग झाल्या. आता त्यात द्रुतगती महामार्ग, बुलेट ट्रेनचे खांब आणि वाढवणच्या बंदराची भर पडते आहे. बहुतेक फोटोंत खाडी दिसते, चिमणी दिसत नाही. दोन पावले डावीकडे सरकून ती झाडाआड घालवलेली असते, नाहीतर नंतर बोटाने पुसलेली असते.

सरकण्याला माझी हरकत नाही, चौकट म्हणजेच निवड. पुसण्याला आहे. आणि त्याहून मोठी तक्रार ही, की चिमणी आली की फोटो बिघडला असे मानून आपण तिच्याकडे उजेडाच्या, रेषेच्या नजरेने बघतच नाही. ताडाच्या रांगेमागे तेवढ्याच बारीक दिसणारी चिमणी, तिप्पट लेन्समधून, संध्याकाळच्या पिवळ्या धुरकटात: हे चित्र सुंदर आहे आणि खरेही आहे. ज्या खाचरात आज मोजणीचे दगड बसले आहेत त्याचा साधा, नीट उजेडातला, तारीख घातलेला फोटो पुढच्या पिढीला समुद्रावरच्या शंभर सूर्यास्तांपेक्षा जास्त सांगेल.

इथवर जे लिहिले ते एकट्याने शिकता येते. पुढचे एकट्याने येत नाही.

फोटो दुसऱ्याला दाखवून बोलणे ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच स्थापन झाली, छायाचित्रणाचा शोध जाहीर होऊन पंधरा वर्षे झाली असताना. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले हौशी छायाचित्रकार. दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. पुढे १९३७ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत उभी राहिली. चार माणसांसमोर स्वतःची छपाई ठेवायची आणि ऐकून घ्यायचे, ही शिस्त अशा संस्थांनी रुजवली. आज फोटो क्षणात शेकडो जणांपर्यंत पोचतो आणि उत्तर येते, ‘मस्त’, ‘अप्रतिम’, ‘लय भारी’. प्रेमापोटी येते, पण त्यातून काढणाऱ्याला पुढच्या खेपेला काय करायचे ते कळत नाही.

चांगली दाद आणि चांगली टीका दोन्ही मागून घ्यावी लागतात, आणि मागण्याची रीत असते. ‘कसा आलाय?’ असे विचारले तर समोरचा ‘छान’ म्हणणारच. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. फोटो बघितल्यावर डोळा पहिल्यांदा कुठे गेला? मग कुठे गेला? आणि कुठून बाहेर पडला? या प्रश्नांना कलेचे ज्ञान लागत नाही, प्रामाणिकपणा लागतो. आपल्याला दाखवायचा होता सुळका आणि तीन जणांचा डोळा पहिल्यांदा गेला डावीकडच्या निळ्या ताडपत्रीवर, तर पुढचे काम ठरले. ताडपत्री टाळा, किंवा तिलाच फोटोचा विषय करा. टीका करणाऱ्यानेही ‘इथे दम नाही’ अशी वाक्ये ठेवू नयेत. काय दिसले ते आधी सांगावे, मग काय खटकले, आणि शेवटी एकच बदल सुचवावा. एका फोटोत दहा सुधारणा सांगितल्या तर एकही होत नाही.

दुसरे असे की फोनच्या पडद्यावर बोलू नये. फोटो धुऊन आणावा, पोस्टकार्डाएवढा, स्वस्तातला चालेल. लग्नाचे आणि ओळखपत्राचे फोटो छापणारी दुकाने आता बाजाराच्या प्रत्येक गावात आहेत. दहा फोटो जमिनीवर मांडा आणि उभे राहून बघा. कोणता लांबून बोलावतो ते लगेच दिसते. मग सगळे उलटे करा, आभाळ खाली आणि जमीन वर. चित्रकार ही युक्ती पिढ्यानपिढ्या वापरत आले आहेत. डोंगर ‘डोंगर’ म्हणून ओळखू येईनासा झाला की उजेड-काळोखाचे ठोकळे तेवढे उरतात, आणि फोटो कोणत्या बाजूला कलंडतो ते कळते.

असे परत बघण्याचे उदाहरण अमेरिकी छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सचे. त्याने १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. उजेड मोजायचे यंत्र सापडेना; चंद्राची तेजस्विता त्याला पाठ होती, तिच्यावरून त्याने हिशेब केला. दुसरा फोटो घेण्याआधीच स्मशानातल्या क्रूसांवरचा उजेड गेला. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. कमी सांगितले जाते ते पुढचे: त्याच निगेटिव्हवरून तो पुढची कित्येक दशके नव्या प्रती काढत राहिला आणि आभाळ हळूहळू अधिक गडद करत गेला. आपण काढलेल्या फोटोकडे इतक्या दिवसांनी परत बघायची तयारी असेल तर आपल्याही विवळवेढ्याला अशी रात्र दरवर्षी येते. चैत्र पौर्णिमेला देवीची जत्रा सुरू होते, मध्यरात्री वाघाडीचा पुजारी अवघड चढ चढून ध्वज लावतो. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सूर्याच्या उजेडाच्या साधारण चार लाखाव्या भागाएवढा असतो. ट्रायपॉड, एफ-४चे छिद्र, आयएसओ १६०० आणि पंधरा सेकंद, एवढ्यावर डोंगर दिवसासारखा उजळ येईल. म्हणून निम्माच वेळ द्यावा, म्हणजे रात्र रात्र राहील. फ्लॅश मारू नये.

पण माझ्या मते या भागातल्या फोटोंना सगळ्यांत जास्त गरज आहे ती ज्याच्या जमिनीचा फोटो आहे त्याने तो बघण्याची. शहरातला छायाचित्रकार मित्र रेषा आणि उजेड सांगेल, चित्रकार तोल सांगेल. जमिनीचा माणूस काय आहे ते सांगतो.

‘हिरवीगार भातशेती’ असे नाव दिलेले कित्येक फोटो प्रत्यक्षात गवताच्या माळांचे असतात. इथे गवत कापून, भारे बांधून वखारीत विकले जाते, तो एक स्वतंत्र धंदा आहे. शेतकऱ्याला हे दुरूनही कळते: भाताला बांध असतो, पाणी असते, लावणीची ओळ असते. दुसरे उदाहरण झाडाचे. उघड्या माळावर फांद्या तोडलेले, खांबासारखे उभे झाड हा आवडता विषय आहे. सूर्यास्तासमोर काळी आकृती करून त्याला मरण, एकाकीपण वगैरे नावे देतात. ते झाड बहुधा ऐनाचे असते आणि चांगले जिवंत असते. राब भाजण्यासाठी त्याचे टाळे तोडलेले असतात आणि पावसात त्याला पुन्हा पालवी येते. हे कळल्यावर फोटो टाकून द्यायचा नाही. तेच झाड, त्याच जागेवरून, फाल्गुनात, ज्येष्ठात आणि भाद्रपदात काढायचे. तीन फोटो शेजारी ठेवले की एका काळ्या आकृतीपेक्षा कितीतरी मोठे चित्र तयार होते.

तिसरे उदाहरण माझ्या मनाला सर्वांत लागते. जानेवारीतल्या पाड्याचे फोटो. कुडाच्या भिंतींवर तिरपे ऊन, स्वच्छ सारवलेले अंगण, दाराला कडी, एकही माणूस नाही. चौकट उत्तम, उजेड उत्तम, खाली नाव ‘निवांत’. दाराला कडी आहे कारण घरातली माणसे दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेली आहेत, लेकरांसकट, आणि पावसाच्या तोंडावर परत येतील. मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसाला हा फोटो दाखवला तर तो आधी घर कुणाचे ते ओळखतो, मग ते कुठे गेलेत ते सांगतो. ती माहिती फोटोत नसते असे नाही. ती कडीत असते. तिच्यावर उजेड पडेल अशा वेळी, ती नजरेत येईल अशा जागी उभे राहून फोटो काढायचा, हे काम चौकटीचे आणि उजेडाचेच आहे. पण ते काम आहे हे आपल्याला कुणीतरी सांगावे लागते.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. कासा परिसरात हातात मोबाइल असलेली, नजर असलेली पुष्कळ मुले-मुली आहेत. त्यांनी आणि बाहेरून इथे फोटो काढायला येणाऱ्यांनी वर्षातून एकदा आपले फोटो धुऊन एखाद्या पाड्यावर न्यावेत. शाळेच्या ओसरीत दोरी बांधावी, चिमटे लावावेत. नावे खाली लिहू नयेत. आधी पाड्यावरच्या माणसांनी बोलावे: ही जागा कोणती, कोणता महिना, इथे काय चालले आहे, काय राहून गेले. काढणाऱ्याने तोवर गप्प राहून लिहून घ्यावे. मग छायाचित्रकारांनी रेषेबद्दल, उजेडाबद्दल बोलावे. ज्यांच्या घरादाराचे, शेताचे फोटो असतील त्यांना ते शेवटी देऊन टाकावेत, आणि काढायच्या आधी विचारलेले असावे हे वेगळे सांगायला नको.

दिवस मात्र भात झोडून झाल्यावरचा आणि दिवाळीच्या आतबाहेरचा धरावा. आठवडाभर उशीर झाला तर भट्टीमालकांचे ट्रक येऊन गेलेले असतात आणि बोलायला हवीत ती माणसे पाड्यावर नसतात.